गुडघा धरला की मनात तेच येतं

प्रश्न : वय ५३, संगमनेर. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. सध्या कॅन्सर पुन्हा होऊ नये म्हणून लेट्रोझोलची गोळी चालू आहे. सकाळी बोटं आखडतात, गुडघे धरतात. हाडात तर उतरलं नसेल ना, हाच विचार. दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन (सगळ्या अंगात कॅन्सर शोधणारा) करा म्हणते, तर डॉक्टर नाही म्हणतात. मिस्टर म्हणतात, “बरी झालीस ना, विसर आता.” कसं विसरू?

उत्तर : ताई, नाहीच विसरता येत. मला ११ वर्षं झाली, तरी परळच्या टाटा हॉस्पिटलची फाइल कपाटातून काढताना तळहात ओले होतात.

आधी सांध्यांचं. लेट्रोझोल अंगातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी करतं, त्यामुळे पुष्कळ जणींचे सांधे धरतात. उठल्यावर जास्त, दोन्हीकडे सारखं आणि हातपाय हलवले की सैल पडणारं दुखणं बहुधा गोळीचंच. मला दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नव्हती. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी बदलून दिली. मनाने मात्र बंद करू नका. या गोळीने हाडं ठिसूळ होतात, तेव्हा हाडांच्या घनतेची तपासणी कधी करायची तेही विचारा.

एकाच जागी ठणकणारं, झोपेतून उठवणारं, वाढत जाणारं दुखणं वेगळं. ते लगेच दाखवा. बाकी काही नवं दुखलं की मी कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारते. दोन आठवड्यांनीही दुखतंय? मग पुढच्या तारखेची वाट न बघता फोन. बहुतेक वेळा तोवर कुठला गुडघा होता हेच आठवत नाही!

स्कॅनला नाही म्हणणारे तुमचे डॉक्टर हयगय करत नाहीत. लक्षण नसताना वरचेवर स्कॅन केल्याने या आजारात आयुष्य वाढतं, असं आढळलेलं नाही. वर्षाची मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडची तपासणी चुकवायची नाही. मी एकदा हट्टाने, पदरचे पैसे घालून स्कॅन केला. फुप्फुसात ठिपका दिसला. तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही. निघाला काय, तर जुन्या क्षयाचा डाग.

मिस्टरांना एकदा सरळ सांगा, “मला भीती वाटते. उपाय सांगू नका, नुसतं ऐका.” आमच्याकडेही या विषयावर सगळे गप्पच असायचे. पहिल्या उन्हाळ्यात मी लोणचं घातलं नाही. वर्षभर खायला आपण असू की नाही, म्हणून. कारण कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी जाऊबाईंनी पिशवीभर कैऱ्या ओट्यावर ओतल्या आणि म्हणाल्या, “तू नसलीस तर आम्ही खाऊ. फोडी तर कर.” मला हसूच फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी ते तोंडाने बोललं होतं.