रेडीमेड बॅट सोडून पहिल्यांदाच स्वतःची टेबल टेनिस बॅट बनवतोय. ब्लेड आणि रबर कोणतं घेऊ, आणि ते टिकवू कसं?

तुम्ही लिहिलंय की सहा-सात महिने रेडीमेड बॅटने खेळताय, आठवड्यातून चार दिवस सराव होतो, प्रशिक्षकांनी आता स्वतःची बॅट बनवायला सांगितलंय आणि मित्र म्हणतोय की घ्यायचं तर कार्बनचंच ब्लेड घे. ब्लेड म्हणजे बॅटचा रबराखालचा लाकडी भाग, आणि कार्बनचं म्हणजे लाकडाच्या थरांत कार्बनच्या धाग्यांचा थर असलेलं. मित्राचं एवढं एक ऐकू नका. निदान अजून वर्षभर तरी नको.

चेंडूचं वजन २.७ ग्रॅम. तो बॅटला टेकतो आणि साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात सुटतो. फटका नीट मधोमध बसला की कडेला लागला, चेंडू घासला गेला की नुसता आपटला, हे हाताला कळतं ते लाकडातून मुठीत येणाऱ्या कंपनातून. शिकण्याच्या काळात हे कळणं वेगापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. कडक, वेगवान ब्लेडमध्ये ही जाणीव कमी होते आणि चेंडू हात तयार व्हायच्या आत निघून जातो.

मी खेळायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी कार्बनचं ब्लेड घेतलं होतं. स्मॅश सुरेख बसायचे. पण नेटजवळचा छोटा पुश, म्हणजे हलकेच ढकललेला चेंडू, टेबलाबाहेर जायचा आणि ब्लॉक, म्हणजे नुसती बॅट आडवी धरून अडवलेला चेंडू, उडायचा. चेंडू लांब जाऊ नये म्हणून मी नकळत हात आवरायला लागले आणि माझा फोरहँड अर्ध्यातच थांबायला लागला. पुढे साध्या लाकडी ब्लेडवर परत आले, तरी ती आखडण्याची सवय मोडायला जवळजवळ एक वर्ष गेलं. म्हणून इतक्या कळकळीनं सांगतेय.

तुम्ही पाच थरांचं, पूर्ण लाकडी, ऑलराउंड, म्हणजे मध्यम वेगाचं, किंवा त्याच्या जरासं वरच्या वेगाचं ब्लेड घ्या. बाहेर लिंबा आणि मधे आयूस ही लाकडांची जुनी, भरवशाची जोडी आहे. स्टिगा कंपनीचं ऑलराउंड क्लासिक याच जातीचं. लिंबा मऊसर, चेंडू क्षणभर धरून ठेवल्यासारखा वाटतो. कोटो हे लाकूड त्यापेक्षा कडक, चेंडू चटकन सोडणारं. सात थरांची ब्लेड जास्त भरीव असतात, सपाट फटके मारणाऱ्यांना आवडतात. आणि कार्बनचं म्हणतात त्या ब्लेडमध्येही नियमाप्रमाणे जाडीचा किमान ८५ टक्के भाग लाकूडच असावा लागतो. धाग्यांचा एक थर जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांतलं जे कमी असेल त्याच्या आतच हवा. पण तेवढ्या पातळ थरानंही स्वभाव बदलतो. पुढे कधी त्या वाटेला गेलात, तर तो थर मधल्या गाभ्यालगत असलेलं ब्लेड आधी बघा. हलक्या हाताच्या फटक्यांना ते लाकडासारखं वागतं.

वजनाकडे मात्र जरूर लक्ष द्या. नुसतं ब्लेड ८० ते ९० ग्रॅमच्या दरम्यान असतं, दोन्ही रबरं लावली की १७० ते १९० ग्रॅमवर जातं. लाकूड ते लाकूडच, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन नगांत पाच-सहा ग्रॅमचा फरक सहज निघतो. शक्य असेल तर काट्यावर ठेवून हलका नग निवडा. जड बॅट पहिल्या गेममध्ये छान वाटते, पाचव्यात खांदा बोलायला लागतो. मूठ खाली पसरट घ्यायची की सरळ, हे हातात धरून ठरवा. त्यात बरं-वाईट काही नसतं.

आता रबर. रबर म्हणजे दोन थर, वरचा रबरी पत्रा आणि खालचा स्पंज. डिंक धरून दोन्हींची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तुम्हाला निवडायची असते ती स्पंजची जाडी. दोन्ही बाजूंना १.८ मिलिमीटर घ्या, फार तर फोरहँडला २. जाड स्पंज जोराच्या फटक्याला साथ देतो, पण ब्लॉक आणि सर्व्हिस परतवताना तोच अंगावर येतो. यासाका कंपनीचं मार्क व्ही हे रबर १९६९ पासून बाजारात आहे आणि अजूनही मी नव्या खेळाडूंना तेच सुचवते, कारण ते जेवढं द्याल तेवढंच परत देतं. हरिकेन ३ सारखी चिकट चिनी रबरं फिरकीला जबरदस्त असतात, पण त्यांना पूर्ण हात फिरवावा लागतो, पाय जागेवर यावे लागतात. अर्धवट फटक्याला ती काहीच देत नाहीत. स्पंजच्या कडकपणाचा आकडा वाचताना एक जपा. चिनी मोजपट्टी आणि जर्मन मोजपट्टी वेगळी आहे. चिनी ४० हे जर्मन ४० पेक्षा बरंच कडक असतं.

भारताची खेळाडू मनिका बत्राला बघून लांब पिंपल्सचा, म्हणजे बाहेरच्या बाजूला लांब दाणे असलेल्या रबराचा, मोह बऱ्याच जणांना होतो. बॅकहँडला ते लावून तिने भल्याभल्यांची लय बिघडवली आहे. पण तो वेगळा खेळ आहे, आधी साध्या रबरावर दोन्ही बाजूंचा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढे फिरकी देणारा फटका, येऊ द्या. स्पर्धा खेळणार असाल तर एक बाजू काळी हवीच. दुसरी लाल, किंवा २०२१ पासून गुलाबी, जांभळी, हिरवी, निळीही चालते. दोन बाजूंना दोन रंग उगीच नाहीत. पूर्वी दोन्हीकडे एकाच रंगाची पण वेगळ्या गुणांची रबरं लावून खेळाडू हातातच बॅट फिरवायचे आणि समोरच्याला चेंडू कशाने मारला तेच कळायचं नाही.

चिकटवणं स्वतः शिका. पाण्यावर आधारलेला डिंकच वापरा, उडून जाणाऱ्या द्रावकांचे डिंक २००८ पासून बंद आहेत. नव्या ब्लेडला आधी वॉर्निशचा अगदी पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मी हे टाळलं होतं. पहिल्यांदा रबर बदलताना घाईनं वर ओढलं आणि लिंबा लाकडाची बोटभर लांब ढलपी रबरासोबत उपटून आली. ती जागा नंतर कितीही घासली तरी बोटाला लागायचीच. रबर काढताना कोपऱ्यापासून, ते ब्लेडला समांतर मागे दुमडत, सावकाश सोलायचं. लाकडाची रेषा उठताना दिसली की थांबायचं आणि उलट दिशेनं यायचं.

डिंक दुधासारखा पांढरा असतो. स्पंजच्या तुकड्यानं ब्लेडवर एक आणि रबराच्या स्पंजवर दोन पातळ थर द्या, स्पंज पहिला थर पिऊन टाकतो. पांढरेपणा जाऊन तो पारदर्शक झाला की मगच जोडायचं. मुठीच्या बाजूनं टेकवून गोल नळीनं पुढे लाटत न्या, ताणू नका. ताणून लावलेलं रबर आक्रसून कडेनं सुटतं. रबरावरचं मान्यतेचं चिन्ह मुठीजवळ दिसलं पाहिजे. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा, मग नव्या पात्यानं कडा कापा आणि कडेला टेप लावा.

रोजची काळजी दोन मिनिटांची आहे. खेळून झालं की पाण्याचे चार थेंब, स्वच्छ मऊ स्पंज, एकाच दिशेनं पुसणं, वाळू देणं, वर प्लास्टिकची फिल्म. साबण, स्पिरिट यांतलं काही नको. मूठ घामानं ओली असेल तर बॅट लगेच कव्हरमध्ये कोंबू नका. आणि बंद गाडीत उन्हात कधीच ठेवू नका, उष्णतेनं रबर कडक पडतं, डिंकही सुटतो.

एवढं सांभाळलंत तर ब्लेड वर्षानुवर्षं साथ देईल. रबर मात्र झिजणारच. तुमच्या सरावाला पाच-सहा महिन्यांनी तपासायला हवं. उजेडात तिरकं धरून बघा, जिथे चेंडू सगळ्यात जास्त लागतो तो भाग चकाकतो. मग अंगठा आधी कडेला आणि मग मधोमध हलकेच ओढा. कडेला अडकतो आणि मधे घसरतो, असं झालं की रबर संपलं. तोवर टॉपस्पिन नेटमध्ये पडायला लागलेले असतात आणि आपण बिचाऱ्या हाताला दोष देत बसतो. म्हणून कापताना उरलेला रबराचा कोपरा टाकून देऊ नका. पाकिटावर लावल्याची तारीख लिहा, तो तुकडा त्यातच ठेवा, आणि शंका आली की अंगठा आधी त्याच्यावर ओढून बघा.