वरचा मजला चढवताना : चौरस फुटाचा दर आणि त्याबाहेरचा खर्च

प्रश्न : जुळे सोलापूर येथे आमचे २००३ मध्ये बांधलेले तळमजल्याचे आरसीसी घर आहे. पुढे मजला चढवता यावा म्हणून कॉलमच्या सळया गच्चीवर तेव्हाच सोडून ठेवल्या होत्या. मुलाचे लग्न ठरत असल्याने वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असे ६५० चौरस फुटांचे बांधकाम करावयाचे आहे. गुत्तेदाराने २०२५ च्या उन्हाळ्यात माल-मजुरीसह चौरस फुटास १,७०० रुपये, म्हणजे एकूण ११ लाख ५ हजार रुपये सांगितले. माझ्याकडे ९ लाखांच्या ठेवी आहेत. उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढावे, की यंदा स्लॅबपर्यंत काम आणून थांबावे? कर्ज घेतल्यास प्राप्तिकरही वाचेल, असे सहकारी म्हणतात.
– एक माध्यमिक शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : ११ लाख ५ हजार ही गुत्तेदाराची रक्कम झाली, सूनबाई वरच्या घरात राहायला जाईपर्यंत आपल्या खिशातून जाणारी रक्कम वेगळी निघेल. मात्र तिचा हिशेब मांडण्याआधी खालच्या घराकडे पाहावे लागते, कारण अंदाजपत्रक उलटेपालटे करण्याची ताकद तेथेच आहे.

गच्चीवर सोडलेल्या सळयांचा आपण भरवसा धरला आहे. दोन दशकांचे ऊन-पाऊस खाल्लेली सळई स्लॅबला जेथे मिळते, तेथे बोटाने गंज खरवडून पाहा. पापुद्रे निघत असतील आणि जाडी कमी झालेली असेल, तर तो भाग कापून कॉलममध्ये छिद्रे पाडून रसायनाने नव्या सळया बसवाव्या लागतात व हा खर्च चौरस फुटाच्या दरात कोणीही धरत नाही. दुसरी बाब पायाची. सोलापूर परिसरात अनेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरच टेकलेला पाया तिच्याबरोबर हलतो. आपल्या घराचा पाया मुरमापर्यंत नेलेला आहे का आणि तो एका मजल्याचा की दोन मजल्यांचा भार धरून आखलेला आहे, हे जुन्या आरसीसी नकाशावरून कळेल. नकाशा सापडत नसेल तर एका कोपऱ्यातील कॉलमलगत खड्डा घेऊन फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, उघडे करून पाहता येते. हे काम गुत्तेदारावर न सोपवता स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावे. त्यांचे शुल्क भरताना जीवावर येते खरे, परंतु कॉलमला जॅकेटिंग करण्याची, म्हणजे भोवती नव्या सळया व काँक्रीट घालून तो जाड करण्याची वेळ येणार असेल तर ती विटा येऊन पडण्याआधी कळलेली बरी.

आता दराकडे. १,७०० रुपये कोणत्या चौरस फुटाला, हे प्रथम लिहून घ्या. आपली भिंतीबाहेरची मापे २५ फूट गुणिले २६ फूट, म्हणजे ६५० भरत असतील आणि समोर दोन फुटांची गॅलरी काढली, तर स्लॅब ७०० चौरस फुटांचा होतो. गुत्तेदार स्लॅबचे माप लावणार असेल, तर त्या एका ओळीने बिल ८५ हजारांनी वाढते. गॅलरी अर्ध्या दराने धरण्याची बोलणीही होते, पण ती काम सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी. त्यानंतर ‘सगळे आले त्यात’ या शब्दांची फोड करावी. गच्चीवरचा जुना वीट-कोबा फोडणे, जुना कठडा पाडणे आणि तो मलबा वाहून नेणे त्यात आले का? बाहेरचा जिना, वरची पाण्याची टाकी, खिडक्यांचे ग्रिल, ओटा, रंग, आणि नव्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग? सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर स्लॅबच्या थेट खाली झोपायचे आहे, तेव्हा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या चायना मोझॅकला, म्हणजे गच्चीवरील टाइलच्या तुकड्यांच्या थराला, चैनीच्या खात्यात टाकू नये.

पाणी हा आपल्या गावातील वेगळाच मथळा आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना स्लॅबवर आळी करून ते सतत भरून ठेवायचे, तर टँकरवाचून भागत नाही. कोरड्या आणि उष्ण हवेत काँक्रीटला किमान १० दिवस, आणि हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला १४ दिवस पाणी मिळावे, असे भारतीय मानक सांगते. टँकरचे पैसे कोणाचे, हे करारात नसेल तर आठव्या दिवशी पाणी मारणे बंद पडते आणि त्याची किंमत पुढे गळक्या स्लॅबच्या रूपाने आपणच देतो.

महापालिकेची परवानगी, विकास शुल्क, वास्तुविशारदाचे मानधन, वाढीव वीजभार हेही दराबाहेरच असते. बांधकाम कामगार उपकर १ टक्का आहे. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असल्यास तो पूर्वी लागत नसे, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख आहे आणि आपले काम तिच्या आत बसते. दर २०२५ च्या उन्हाळ्यातला असल्याने तो पुन्हा मागवावा. त्या वर्षी २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मात्र ३५० रुपयांच्या पोत्यामागे जेमतेम २७ रुपये, म्हणजे २५० पोत्यांना ६,८०० रुपयांच्या आसपास फरक पडतो. तेवढ्यावरून घासाघीस करून संबंध बिघडवण्यात अर्थ नाही. सळई स्वतः आणणार असाल तर वजन करून घ्या : १२ मिलिमीटर जाडीची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६५ किलो भरते, ८ मिलिमीटरची ४.७४ किलो.

दराबाहेरच्या बाबींना तूर्त २ लाख धरू. बेरीज १३ लाख ५ हजार. त्यावर अडीअडचणीसाठी १० टक्के ठेवले की सुमारे १४ लाख ३५ हजार. ठेवींपैकी दीड लाखाला हात लावू नये. लग्नाचा खर्च आपण पत्रात लिहिलेला नाही. तोही याच ९ लाखांतून होणार असेल तर हे गणित येथेच मोडते. तो वेगळा आहे असे धरले, तर सात लाखांच्या आसपास कमी पडतात. साडेआठ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी ७ लाखांचा हप्ता अंदाजे ८,६८० रुपये येतो आणि एकूण परतफेड १० लाख ४० हजारांच्या पुढे जाते.

कर वाचेल या आशेवर मात्र हा निर्णय घेऊ नये. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाही, आणि २०२५-२६ पासून पगारदारांचे पावणेतेरा लाखांपर्यंतचे उत्पन्न तेथे तसेही करमुक्त आहे. दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या प्रणालीत आहे. आपण तीत असाल तरच सहकाऱ्यांचे म्हणणे लागू पडते.

टप्प्याटप्प्याने बांधण्याचा आपला विचार मला पटतो, फक्त थांबण्याची जागा बदलावी. नुसता स्लॅब टाकून थांबल्यास उघड्या विटा पावसाळाभर पाणी पितात आणि ओल खालच्या मजल्यावर उतरते. भिंती, बाहेरचा गिलावा, दारे-खिडक्या, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि भिंतीत जाणारे नळ व विजेचे पाइप एवढे पहिल्या टप्प्यात उरकावे. फरशी, आतला रंग, ओटा, कपाटे पुढच्या वर्षावर टाकता येतात आणि त्या प्रमाणात कर्जही निम्म्याच्या जवळ येऊ शकते. नवदांपत्याला लगेच वर राहायचे असेल, तर एक खोली आणि न्हाणीघर तेवढे पूर्ण करून घ्यावे. कर्ज घेतलेच, तरी बँक आधी आपला वाटा खर्च झालेला पाहते आणि मग कामाच्या प्रगतीप्रमाणे रक्कम सोडते. म्हणून गुत्तेदाराचे हप्तेही स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा टप्प्यांना बांधून घ्या.

स्लॅब मार्चपूर्वी पडावा असे वाटत असेल तर काम दिवाळीच्या सुमारास सुरू व्हायला हवे. तोवर इंजिनिअरचा लेखी अहवाल हातात घ्या. गुत्तेदार कितीही घाई करो, त्याआधी इसार देऊ नका.