रोझ बंगाल पॉझिटिव्ह, ट्यूब टेस्ट निगेटिव्ह: खरं कुठलं?

तुमच्या भावाला तीन आठवड्यांपासून ताप येतोय-जातोय, कंबर धरलीय, रात्री घामाने कपडे भिजतात. शेळ्या विताना तो उघड्या हातांनी मदत करतो, दूधही कच्चंच पितो. ब्रुसेला या जनावरांकडून माणसात येणाऱ्या जिवाणूसाठी तपासण्या झाल्या: रोझ बंगाल (अँटिबॉडी शोधणारी झटपट टेस्ट) पॉझिटिव्ह, ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशन (नळ्यांमधली अँटिबॉडी टेस्ट) १:१६० पर्यंत निगेटिव्ह, ब्लड कल्चर (रक्तातून जिवाणू वाढवून बघणं) पाच दिवसांत निगेटिव्ह. 'मग ब्रुसेला नाही ना?' असं तुम्ही विचारलंय. या तीन कागदांवरून तसं अजिबात म्हणता येणार नाही.

मला सर्वांत जास्त खटकतंय ते '१:१६० पर्यंत'. ट्यूब टेस्टमध्ये सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) टप्प्याटप्प्याने दुप्पट पातळ करत जातात (१:१६० म्हणजे १६० पट पातळ) आणि प्रत्येक नळीत मारलेले ब्रुसेला जिवाणू घालतात. अँटिबॉडी असतील तर जिवाणूंचे गठ्ठे होऊन तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. पण अँटिबॉडी फारच जास्त असल्या की सुरुवातीच्या दाट नळ्यांमध्ये उलटंच घडतं. प्रत्येक जिवाणू अँटिबॉडींनी इतका झाकला जातो की दोन जिवाणूंना जोडणारा दुवाच तयार होत नाही. नळी गढूळच राहते. याला प्रोझोन म्हणतात. मी स्वतः वाचलेली एक रांग अजून डोळ्यांसमोर आहे: १:३२० पर्यंत सगळ्या नळ्या गढूळ, आणि १:६४० पासून पुढे स्वच्छ. पहिल्या चार-पाच नळ्या पाहून कुणी निगेटिव्ह लिहिलं असतं, तर सर्वांत ठळक पॉझिटिव्ह रुग्ण हातचा गेला असता.

रोझ बंगालमध्ये हा घोटाळा क्वचितच होतो. त्याचं गुलाबी अँटिजन (रंगवलेल्या, मारलेल्या ब्रुसेलाचं द्रावण) आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ३.६५. सीरमचा एक थेंब, अँटिजनचा एक थेंब, चार मिनिटं हलवायचं आणि लगेच वाचायचं. थेंबाच्या कडेला बारीक कण दिसू लागले की पॉझिटिव्ह. मिनिटं मोजावीच लागतात. थेंब सुकू लागला की खोटे कण दिसतात.

आजार जुना झाला असेल तर आणखी एक शक्यता असते. अशा वेळी जिवाणूला चिकटणाऱ्या पण गठ्ठा न करणाऱ्या अँटिबॉडी शिल्लक असतात. साध्या ट्यूबमध्ये त्या दिसत नाहीत, कूम्ब्स टेस्टमध्ये दिसतात. एलायझा या दुसऱ्या अँटिबॉडी टेस्टमध्ये आयजीएम आणि आयजीजी हे अँटिबॉडींचे दोन प्रकार वेगवेगळे कळतात, तेही उपयोगी. उलट बाजूही सांगतो. येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका ओ:९ या जिवाणूच्या संसर्गातही रोझ बंगाल पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण दोघांच्या बाह्य आवरणातली साखर जवळजवळ सारखीच असते. म्हणून एकट्या रोझ बंगालवर मी शिक्का मारत नाही. पण शेळ्यांशी संपर्क आणि असा ताप असताना ती बाजूलाही टाकत नाही.

कल्चरबद्दल. ब्रुसेला सावकाश वाढतो. ऑटोमेटेड यंत्रात तो बहुधा आठवडाभरात सापडतो, पण त्याआधी अँटिबायोटिक घेतलं असेल तर सापडेलच असं नाही. बऱ्याच लॅब पाचव्या दिवशी बाटली काढून टाकतात. संशय असेल तर ती निदान दहा दिवस ठेवायला हवी. जुन्या पद्धतीच्या बाटल्या चार-सहा आठवडे ठेवत. रक्तात नाही सापडला तरी बोनमॅरोत सापडण्याची शक्यता जास्त असते.

आणि संशय लॅबला कळवाच, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी काम करत असलेल्या एका लॅबमध्ये फॉर्मवर नुसतं 'ताप' लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती आल्या. ग्रॅम स्टेनमध्ये बारीक वाळू सांडल्यासारखे फिकट गुलाबी ठिपके. यंत्राने नाव दिलं ऑक्रोबॅक्ट्रम, ब्रुसेलाचा जवळचा नातेवाईक, आणि अशी चूक यंत्रांकडून होते. तोवर प्लेट उघड्या टेबलावर दोन जणांनी हाताळली होती. हा जिवाणू श्वासातून सहज शिरतो. दोघांनाही तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन घ्यावं लागलं, आणि पुढे सहा महिने रक्ततपासण्या. फॉर्मवर एक शब्द असता तर ती प्लेट सुरुवातीपासून सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडली गेली असती.

आता करायचं काय? तेच सीरम शिल्लक असेल तर १:१२८० किंवा त्यापुढेही पातळ करून बघायला सांगा, सोबत कूम्ब्स किंवा एलायझा. दोन आठवड्यांनी दुसरा नमुना द्या. टायटर (जितकं पातळ करेपर्यंत टेस्ट पॉझिटिव्ह येते तो आकडा) चौपट वाढला तर निदान बऱ्यापैकी पक्कं. दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी लावले तर उत्तम. कल्चरसाठी नव्याने दोन-तीन बाटल्या घ्या, औषधाचा पहिला डोस देण्याआधी. मात्र डॉक्टरांना उपचार लगेच सुरू करायचे असतील, तर रिपोर्टसाठी त्यांना थांबवू नका. पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी टेस्ट) मिळत असेल तर आत्ताच करा. उपचारांनंतर ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून बरं झाल्याचा पुरावा म्हणून तिचा फारसा उपयोग नाही.

घरात तेच कच्चं दूध पिणाऱ्या आणखी कुणाला ताप असेल, तर त्यांचंही सीरम याच वेळी द्या.