नवीन साइट इंजिनिअरसाठी: लेबर कमी नाय, थांबलेलं असतं

अरे भावा, लेबर कमी आहे म्हणून रडण्याआधी एक दिवस वही घेऊन नुसता उभा राहून बघ, कोण कशासाठी थांबलंय ते. मार्च 2020 च्या लॉकडाऊननंतर आमची हिंजवडीची साइट चालू झाली तेव्हा जुने सेंटरिंगवाले (स्लॅब ओतायला साचे बांधणारे) बिहार-यूपीला गेलेले आणि मुकादमानं आणलेली पोरं नवीन, मीपण आधी मुकादमावरच ओरडत बसलो, मग बघितलं तर गवंडी सकाळी 9 ला हजर पण वाळू चाळून माल वर पोचेपर्यंत साडेदहा, एकच लिफ्ट आणि तिच्यात टाइल्सवाल्यांचे बॉक्स! आम्ही वाळू-सिमेंट आदल्या संध्याकाळीच मजल्यावर चढवायला लागलो, माणसं तेवढीच पण प्लास्टर बरंच वाढलं. नवीन पोरगा दे जुन्या गवंड्याच्या हाताखाली, आणि पहिले काही दिवस त्याच्याकडून किती काम झालं याचा आकडा मागू नको. पगार मात्र ठरल्या तारखेलाच, उचल वहीत लिहून सही घे, नाहीतर छठच्या सणाला गावी गेलेला माणूस परत येत नाय. आणि हो, वर्षात 90 दिवस काम भरलं की बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते, त्या 90 दिवसांच्या कामाचं सर्टिफिकेट द्यायला कंटाळा करू नको, आमच्याकडे दोन जण त्यावरच टिकले.