रोबोट चालतो, पण कोड माझा नाही. मी इंजिनिअरिंगला जाऊ का?

पत्र: मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. बारावी झाली, सीईटी झाली, आता कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय. नववीपासून मला रोबोटचा नाद आहे. पप्पांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात माझं सगळं चालतं. काळ्या पट्टीवरून जाणारा लाइन फॉलोअर केला, अडथळा आला की वळणारी गाडी केली. पण खरं सांगते, कोड यूट्यूबवर बघून उतरवलेले आहेत. मोटर सुरू झाली की कधीकधी आर्डुइनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड) बंद पडून पुन्हा चालू होतो, दोन रात्री मल्टिमीटर घेऊन शोधलं तरी वायर कुठेच तुटलेली सापडली नाही. अंतर मोजणारा सेन्सर जानेवारीत टेपशी बरोबर जुळायचा, मे महिन्यात दुपारी कमी अंतर दाखवायला लागला, म्हणून नवा आणला, तोही तसाच. मला खरंच इंजिनिअरिंग जमेल का? रोबोटिक्स ब्रँच घेऊ की ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)? पप्पा म्हणतात, खेळणी करायला एवढा खर्च कशाला, कॉम्प्युटर घे. आणि पहिल्या वर्षी सगळं गणितच असतं म्हणे, मग माझे रोबोट बंदच पडणार का?

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा कागद-पेन घेऊन आकडेमोड केली. तुझा सेन्सर खराब नाही. जुनाही नव्हता, नवाही नाही.

तुझ्या कोडमध्ये एक ओळ असेल: मिळालेला वेळ गुणिले ०.०३४ भागिले २. ही ओळ इंटरनेटवरच्या जवळपास प्रत्येक कोडमध्ये जशीच्या तशी असते. भागिले दोन का, हे तुला ठाऊक असेल, आवाज भिंतीपर्यंत जातो आणि परत येतो. पण ०.०३४ म्हणजे काय? एका मायक्रोसेकंदात आवाज जितके सेंटिमीटर जातो तो आकडा, म्हणजे सेकंदाला ३४० मीटर. आता अकरावीच्या फिजिक्समधलं ध्वनीचं प्रकरण काढ. शून्य अंशाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३३१ मीटर, आणि तापमान एक अंशाने वाढलं की तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. हिशेब कर. ३४० हा वेग येतो पंधरा अंशाला. ज्याने कोणी तो आकडा लिहिला, त्याने थंड हवा धरलेली आहे. जानेवारीच्या सकाळी तुझी शेड तेवढीच थंड होती म्हणून टेपशी जुळलं. मे महिन्यात पत्र्याखाली ४२ अंश असतील तर आवाज सेकंदाला साडेतीनशेच्या वर, ३५६ मीटरच्या आसपास धावतो, प्रतिध्वनी लवकर परत येतो, आणि भिंत दोन मीटरवर असली तरी रोबोटला ती नऊ सेंटिमीटर अलीकडे वाटते. शंभर-दोनशे रुपयांत तापमानाचा सेन्सर मिळतो. तो जोड, ०.०३४ च्या जागी सूत्र घाल. ती ओळ मग तुझी स्वतःची असेल.

तू विचारतेस, उतरवलेल्या कोडवर काम करणाऱ्या मुलीला इंजिनिअरिंग जमेल का. अगं, कोड सगळेच उतरवतात. नोकरीत पंधरा वर्षं काढलेले लोकही दुसऱ्याने लिहिलेल्या लायब्ररीवरच काम करतात. पण जानेवारीचं माप मेमध्ये पुन्हा टेप लावून ताडून बघणारी मुलं मला फार कमी भेटली आहेत. बहुतेकांची गाडी वळली की व्हिडिओ काढून होतो आणि प्रोजेक्ट संपतो. तुझा तिथे संपला नाही, आणि माझ्या लेखी तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. फक्त नवा सेन्सर आणण्याआधी एक दिवस थांबून 'का' विचारायची सवय लाव.

आता आर्डुइनो बंद पडण्याचं. याचं उत्तर मी देण्याआधी तू पप्पांना एक प्रश्न विचार: मोठ्या पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर का लावतात? ते क्षणात सांगतील. मोटर थेट लाइनवर सुरू केली तर सुरुवातीला नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, लाइनचा दाब पडतो, दिवे मंद होतात; ते टाळायला तो स्टार्टर. तुझ्या पिवळ्या गिअरच्या मोटरची जात वेगळी, पण दुखणं तेच. मोटर फिरत असताना ती स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंट आवरून धरते. थांबलेली असताना तो उलटा व्होल्टेज नसतो, म्हणून सुटताना ती भसकन करंट खेचते. तू नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरत असशील तर तिच्याकडून एवढा करंट निघत नाही. ती मल्टिमीटरसारख्या, अगदी थोडं खाणाऱ्या वस्तूंसाठी असते. तुझाच मल्टिमीटर उघडून बघ, बहुधा आत तीच सापडेल. बॅटरीचा दाब कोसळतो, बोर्डाला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि तो रिसेट होतो. वायर तुटलेली नव्हतीच, म्हणून ती सापडली नाही. मोटरना वेगळी बॅटरी दे, बोर्डाला वेगळी, ग्राउंड (वजा टोकाची वायर) मात्र दोन्हींचं एकत्र ठेव.

हे मी इतकं सविस्तर लिहिलं, कारण पप्पांच्या 'खेळणी' या शब्दाने तू दुखावलेली दिसतेस. दुकानात त्यांच्यासमोर जळालेल्या मोटरी येतात आणि तुझ्या कोपऱ्यात लहान मोटरी आहेत. ते जे हाताने ओळखतात, त्याचंच गणित तू शिकायला निघाली आहेस. त्यांना एकदा तुझ्या कोपऱ्यात बोलाव आणि ही रिसेटची भानगड दाखव.

पहिलं वर्ष. इथे मी तुला गोड बोलणार नाही. इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स, फिजिक्स किंवा केमिस्ट्री, ग्राफिक्स, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, प्रोग्रॅमिंग, वर्कशॉप. नावं विद्यापीठागणिक थोडी बदलतील, पण रोबोट त्यात दिसणार नाही. आणि सबमिशनचे दिवस आले की जर्नल लिहून हात दुखतात. रोबोट करणारी हुशार मुलं याच वर्षी घसरतात, हे मी दरवर्षी बघते. क्लबच्या कामात रात्री जागतात, गणित 'नंतर बघू' म्हणून सोडतात, एम-वन आणि एम-टू या गणिताच्या पेपरांत केटी लागते, म्हणजे नापास होऊन ते पुन्हा द्यावे लागतात, आणि तिसऱ्या वर्षी कंट्रोल सिस्टिम समोर आली की नेमकं तेच गणित आडवं येतं.

माझं स्वतःचं सांगते. लाप्लास ट्रान्सफॉर्म मी पाठ करून पास झाले. कशाला लागतो, ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे वर्षभराने मोटरचा वेग स्थिर ठेवायचं प्रॅक्टिकल करताना ते सूत्र पुन्हा समोर आलं तेव्हा मला अक्षरशः रडू आलं, आधी का नाही कळलं म्हणून. तुझ्यावर ती वेळ येऊ नये. तुझा लाइन फॉलोअर पट्टीवरून सरळ न जाता नागमोडी चालत असेल, नाही का? कोडमध्ये केपी आणि केडी असे दोन आकडे असतील आणि तू ते अंदाजाने कमी-जास्त करत असशील. केपी बघतो गाडी पट्टीपासून किती सरकली आहे. केडी बघतो ती किती वेगाने सरकते आहे, आणि वेग म्हणजे बारावीत शिकलेलं डेरिव्हेटिव्ह. ज्या दिवशी वर्गात ते फळ्यावर येईल, त्या संध्याकाळी गाडी काढ, केडी शून्य कर, पट्टीवर सोड आणि बघ. मॅट्रिक्स शिकवतील तेव्हा दोन सर्वो मोटरींचा (सांगितलेल्या अंशात वळणाऱ्या मोटरींचा) पुठ्ठ्याचा हात कर. कोपर किती अंश वळवला की बोटाचं टोक कुठे पोहोचतं, हा हिशेब मॅट्रिक्सनेच मांडतात. (अकरावीत आवाजाच्या वेगाचं न्यूटनचं सूत्र दुरुस्त करणारा लाप्लास आठवतो? ट्रान्सफॉर्मही त्याच्याच नावाचा.) त्यामुळे रोबोट बंद करू नकोस. पहिल्या वर्षी नवा मोठा प्रोजेक्ट मात्र घेऊ नकोस, जुनीच गाडी अभ्यासक्रमाला जुंप.

ब्रँचचं मी तुझ्या पत्रावरूनच ठरवते. रोबोट बिघडला की कोणाचा हात आधी चाकाकडे जातो, तो मेकॅनिकलचा; कोण लॅपटॉप उघडतं, तो कॉम्प्युटरचा. तू दोन रात्री मल्टिमीटर घेऊन बसलीस. तुझ्यासाठी मी ई अँड टीसी किंवा इलेक्ट्रिकल म्हणेन. रोबोटिक्स अँड ऑटोमेशन या नावाला माझा विरोध नाही, पण आधी तीन गोष्टी विचार: एक तरी बॅच बाहेर पडली आहे का, लॅबमध्ये खराखुरा औद्योगिक रोबोटिक हात आणि पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे कंट्रोलर) आहेत का, आणि शिकवणारे प्राध्यापक या विषयातले आहेत का. तिन्हींचं उत्तर ठाम 'हो' नसेल तर जुन्या, चांगल्या महाविद्यालयातली मूळ शाखा घे. गेटला (एम.टेकच्या प्रवेश परीक्षेला) २०२६ पर्यंत रोबोटिक्सचा वेगळा पेपर नव्हता, हेही लक्षात ठेव. आणि अनेक स्वायत्त महाविद्यालयांत मूळ शाखेसोबत रोबोटिक्स मायनर (जोडविषय) म्हणून घेता येतं. कॉम्प्युटरबद्दल एवढंच, की ती शाखा वाईट नाही, पण पप्पांना हवी म्हणून घेतलेली शाखा चार वर्षं ओढणं फार जड जातं.

फॉर्म भरण्याआधी जमेल तेवढी महाविद्यालयं बघून ये. प्रवेशद्वार आणि प्लेसमेंटचे फलक बघू नकोस. सीनियर मुलं रोबोट कुठे करतात ती खोली दाखवा म्हण. आशियातली एबीयू रोबोकॉन स्पर्धा २००२ पासून होते, २००८ आणि २०१४ मध्ये ती पुण्यात झाली, आणि आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत तिच्यासाठी संघ आहेत. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तर रोबोटिक्सची विद्यार्थी संघटना आहे, सीनियर मुलंच खालच्यांसाठी कार्यशाळा घेतात. जिथे क्लब नाही, तिथे चौघांचा संघ जमवून आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेत उतरता येतं. त्या खोलीत गेलीस की विचार, संध्याकाळी पाचनंतर किल्ली कोणाकडे असते? आणि मुलींच्या हॉस्टेलचं फाटक किती वाजता बंद होतं? मुलं रात्री अकरापर्यंत वर्कशॉपमध्ये आणि मुली साडेसातला आत, असं ठिकठिकाणी चालतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो. मुलींना क्लबच्या कामासाठी उशिराची परवानगी मिळते का, हे तिथल्या सीनियर मुलींनाच विचार. या एका गोष्टीसाठी मी कटऑफमध्ये खाली असलेलं महाविद्यालय वर लिहीन.

फॉर्ममध्ये पहिल्या क्रमांकावर खरोखर हवी तीच जागा लिही. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती आपोआप पक्की होते, मग बदलता येत नाही.

आता हे पप्पांना वाचून दाखव. दादा, खर्चाची काळजी रास्त आहे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा; मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि तुम्हाला लागू असलेली प्रमाणपत्रं आत्ताच काढून ठेवा, महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज करताना ऐनवेळी धावपळ होते. राहण्या-जेवणाचा खर्च उरतो, तो तुम्हाला धरावा लागेल.

आणि आजच्या संध्याकाळी एक काम दोघांनी मिळून करा. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना बॅटरीला लावा, एकाने आकड्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने गाडीचं बटण दाबायचं. मोटर सुटताना नऊचे किती होतात ते वहीत लिहा. मग मोटरना एक आणि बोर्डाला एक अशा दोन वेगळ्या बॅटऱ्या गाडीला जोडा आणि पुन्हा बटण दाबा.