साताऱ्यात हौस म्हणून एमटीबी (डोंगरवाटांसाठीची सायकल) चालवतो. १५ हजार रुपयांत सायकलचे कोणते भाग आधी बदलावेत?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. दीड वर्षापूर्वी घेतलेली साडेसत्तावीस इंची चाकांची एमटीबी, पुढे तीन आणि मागे सात गिअर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. तुमचं वजन ७४ किलो. शनिवार-रविवारी यवतेश्वरचा घाट, कधी अजिंक्यतारा. चढाला गिअर कमी पडतो, उतरताना ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकतो आणि पुढचा शॉकअप खडखडतो. मित्राचा सल्ला आहे की पुढे एक, मागे बारा असा नवा गिअरसेट टाक आणि एअर फोर्क (हवेच्या दाबावर चालणारा पुढचा शॉकअप) बसव. हातात १५ हजार आहेत.

माझं मत स्पष्ट सांगतो. यातलं काहीही आत्ता घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारी या रकमेच्या निम्म्यातसुद्धा मिटतील असं मला वाटतं.

मी हे सांगतोय त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी मीही गिअरपासूनच सुरुवात केली होती. पैसे साठवून अकरा स्पीडचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका), कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि चेन घेतली. बसवायला बसलो तेव्हा कळलं की माझ्या मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) कॅसेट बसतच नाही. तो आट्यांवर फिरवून घट्ट करायच्या फ्रीव्हीलचा हब होता, आणि कॅसेटला खाचांचा फ्रीहब लागतो. मग नवं मागचं चाक आलं. पुढच्या तीन चकत्यांच्या जागी एकच चेनरिंग हवी, तर जुना क्रँक (पेडलचा दांडा) रिव्हेट मारलेला, म्हणून क्रँकही आला. एका भागापायी सहा भाग. एवढा खर्च झाल्यावर टायर मात्र जुनेच राहिले, मधल्या पट्ट्यात पार गुळगुळीत झालेले. त्याच जुलैत यवतेश्वरहून उतरताना, पावसात, एका वळणावर पुढचं चाक सुटलं आणि मी खांद्यावर पडलो. कॉलरबोन मोडलं. दोन महिने सायकलीला हात लावता आला नाही. नवे गिअर त्या वळणावर काहीच कामाचे नव्हते. जमिनीला टेकलेला होता तो टायर.

म्हणून तुम्ही विचारलं नसलं तरी टायरपासून सुरू करतो.

आधी हवा बघा. आपल्याकडे रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरली की तो टायर दगडासारखा करून देतो, ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), कधी ६०. डांबरावर ते चालून जातं. पण अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या पायवाटांवर, खडबडीत कातळावर इतका कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, आणि पकड म्हणजे टायर जमिनीला चिकटून राहणं. तुमच्या वजनाला, सव्वादोन इंची टायरला, ट्यूब असताना पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयपासून सुरू करा. मग दोन-दोनने खाली-वर करत अंदाज घ्या. फार खाली गेलात तर दगडावर आपटल्यावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी भोकं दिसली की दोन-तीन पीएसआय वाढवा. त्यासाठी घरी गेज असलेला उभा पंप हवा. माझ्या मते तुमची पहिली खरेदी तीच असावी.

टायर बदलायची वेळ आलीच असेल तर दोन्ही एकसारखे घ्यायची गरज नाही. पुढे बाजूच्या गाठी ठळक असलेला, मऊ रबराचा आणि फ्रेम-फोर्कात मावेल तेवढा रुंद टायर. मागे जरा कमी गाठींचा, म्हणजे डांबरावर ओढ कमी लागते. वळणावर मागचं चाक घसरलं तर बहुतेकदा सावरता येतं, पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. ट्यूबलेसचा विचार पुढच्या वर्षी करा. ते चांगलं आहे, बाभळीच्या काट्यांवर तर फारच, पण रिम त्यासाठी बनलेली असावी लागते आणि आतलं सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं.

आता ब्रेक. लिव्हर हँडलला टेकतो म्हणजे ब्रेक निकामी झाला असं नाही. केबलवरच्या बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो. तो रोटरला (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला) ढकलून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजत जातात, स्थिर पॅड आणि रोटरमधली फट वाढते, आणि तुमचा निम्मा जोर रोटर वाकवण्यातच जातो. कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला, आऱ्यांकडे, एक चकती किंवा ॲलन कीचा स्क्रू असतो. तो फिरवून स्थिर पॅड रोटरला घासणार नाही इतका जवळ आणा, मग केबल ताणून घ्या. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. पॅड काढून पाहाच: वरचा घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर पॅड नवेच घाला. दीड वर्षं घाट उतरताय, तेव्हा मला तरी तेच अपेक्षित आहे. केबल आणि तिचं कव्हरही बदला. पावसाचं पाणी आत जाऊन गंजलेली केबल निम्मी ताकद खाते.

पॅड घेताना एक गोष्ट पाहा. रेझिनचे पॅड मऊ, आवाज कमी, पण लांब उतारावर तापले की पकड सोडतात आणि चिखलात भराभर झिजतात. धातूमिश्रित पॅड पावसात आणि घाटात टिकतात. मात्र बऱ्याच स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं; त्यावर धातूचे पॅड लावले तर रोटरच खराब होतो. तुमचा रोटर तसा असेल तर रोटरसुद्धा बदलायचा विचार करा, आणि बदलताय तर फोर्कला चालत असेल तिथे पुढे १६० ऐवजी १८० मिलिमीटरचा घ्या. तेवढ्याच जोरात साधारण आठव्या हिश्श्याने जास्त पकड मिळते. कॅलिपर सरकवायला एक छोटा ॲडॅप्टर लागतो. नवे पॅड लावल्यावर लगेच घाटात जाऊ नका. सपाट मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन वीस-एक वेळा जोरात मंदावा, पण पूर्ण थांबू नका. असं केल्याने पॅडचा थर रोटरवर नीट बसतो. आणि चेनवर तेलाचा स्प्रे मारताना मागच्या रोटरवर फडकं धरा. रोटर बिघडायला तेलाचा एक फवारा पुरतो. नंतर ब्रेक किंचाळतो आणि पकडतही नाही.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक याहून खूप चांगले, यात शंका नाही. शिमानो कंपनीचा एमटी २०० सारखा साधा सेटसुद्धा एका बोटाने थांबवतो. पण घेण्याआधी हँडलकडे नीट पाहा. सात स्पीडच्या पुष्कळ सायकलींत गिअरचा शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकाच तुकड्यात असतात. तसं असेल तर ब्रेक बदलताना शिफ्टरही नवे घ्यावे लागतील. माझ्या सहा भागांची गोष्ट इथेही लागू पडते. आणि शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइलच घालायचं. काही इतर ब्रेकमध्ये चालणारं डॉट फ्लुइड त्यात गेलं तर आतले सील फुगून वाया जातात.

चढ. इथे मित्राचा सल्ला आकड्यांनी तपासू. तुमच्या सायकलीवर पुढे २४, ३४, ४२ दात आणि मागे १४ ते २८ चं फ्रीव्हील असावं असं वर्णनावरून वाटतं; खात्रीसाठी मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. सगळ्यात हलक्या गिअरला २४ भागिले २८ म्हणजे ०.८६. क्रँकच्या एका फेरीत सायकल सुमारे १.८७ मीटर पुढे जाते. पाय मिनिटाला ६० फेऱ्या मारत असतील तर वेग झाला ताशी पावणेसात किलोमीटर. समर्थ मंदिराकडून वर निघाल्यावर चढ अंगावर येतो तिथे हा वेग टिकवायचा तर पायात बरीच ताकद हवी. वेग खाली आला की फेऱ्या मंदावतात, गुडघ्यांवर भार येतो आणि दम लागतो.

आता फक्त फ्रीव्हील बदलून १४ ते ३४ चं लावा. सात स्पीडचंच, म्हणजे शिफ्टर तोच. २४ भागिले ३४ म्हणजे ०.७१. त्याच ६० फेऱ्यांत वेग साडेपाचवर येतो आणि पायावरचा भार १८ टक्क्यांनी कमी होतो. मित्र सांगतोय त्या बारा स्पीडमध्ये पुढे ३२ आणि मागे ५१ धरले तर आकडा ०.६३. म्हणजे तो याहूनही हलका आहे, हे खरंच. चेन कमी उतरते, डाव्या हाताचा शिफ्टर जातो, चालवायला सुखाचा. पण त्या हलक्या गिअरकडे जायचा निम्म्याहून जास्त पल्ला तुम्ही काहीशे रुपयांच्या फ्रीव्हीलने गाठता, आणि उरलेल्यासाठी चाक, क्रँक, शिफ्टर, डिरेलर, चेन, कॅसेट असं सगळंच बदलावं लागतं. शिमानोच्या डिओर बारा स्पीडला तर फ्रीहबही वेगळ्याच खाचांचा लागतो, जुना चालत नाही.

दोन गोष्टी मात्र बघून घ्या. तुमचा मागचा डिरेलर ३४ दातांपर्यंत पोहोचतो का, हे त्याच्या मॉडेल नंबरवरून कळतं. शिमानोच्या टूर्नी मालिकेतल्या लांब पिंजऱ्याच्या बऱ्याच डिरेलरना ते चालतं. दुसरी चेन. स्टीलची फूटपट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नवी चेन असेल तर बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. नव्या फ्रीव्हीलवर जुनी ताणलेली चेन कधीच लावू नका; दात लवकर खाल्ले जातात आणि जोर लावला की चेन उड्या मारते. शिवाय मोठ्या फ्रीव्हीलला जुनी चेन लांबीलाही अपुरी पडू शकते.

शॉकअपचा खडखडाट. याचं निदान घरीच होतं. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागे-पुढे हलवा. एक बोट हँडलखालच्या हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) सांध्यावर ठेवा. तिथे टकटक जाणवली तर दोष शॉकअपचा नाही, हेडसेट ढिला झालाय. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करा, वरच्या टोपीचा बोल्ट थोडा-थोडा आवळा, हँडल अडखळल्याशिवाय फिरलं पाहिजे, मग स्टेम सरळ करून बोल्ट घट्ट. माझ्या ओळखीच्या तीन-चार जणांचा ‘गेलेला’ फोर्क असा बरा झालाय. बोट फोर्कच्या सरकत्या नळ्यांपाशी ठेवल्यावर टकटक लागली तर आतले बुश (नळ्यांना धरणाऱ्या कड्या) झिजलेत. तेव्हाही आधी खोलून, साफ करून, ग्रीस भरून बघा. पावसाळ्यात आत गेलेलं लाल मातीचं पाणी स्प्रिंगच्या फोर्कची वाट लावतं.

एअर फोर्क खरोखर सुखाचा असतो. वजन कमी आणि तुमच्या ७४ किलोंनुसार हवा भरून सेट करता येतो, बसल्यावर एकूण दबण्याच्या लांबीच्या २० ते २५ टक्के दबला की बरोबर. पण चांगला एअर फोर्क तुमचं सगळं बजेट खाईल. फ्रेमचा हेडट्यूब (पुढची उभी नळी) सरळ नळीचा आहे की खाली रुंद होणारा, हेही जुळावं लागतं, आणि कंपनीने ठरवल्याहून लांब फोर्क लावला तर पुढचा भाग उचलला जातो. घाट चढताना तेच पुढचं चाक मग हलकं होऊन भरकटतं. ते पैसे मी तुमच्या जागी पुढच्या सायकलीसाठी ठेवीन.

थोडे पैसे मात्र पेडलवर घाला. प्लास्टिकच्या पेडलवरून पावसात बूट सटकतो आणि नडगी सोलून निघते. बारीक खिळे असलेले रुंद सपाट पेडल घ्या. डाव्याचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवून बसवा. सीट मात्र इतक्यात बदलू नका, आधी उंची नीट करा: टाच पेडलवर ठेवून पाय खाली सरळ झाला पाहिजे.

टायर सुधारले, ब्रेक लागले की साहजिकच तुम्ही यवतेश्वरवर न थांबता कासपर्यंत जाल. तिथे एक विनंती. सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, सायकल नेऊ नका, अगदी फुलं नसतानाही. कातळावरचा तो बोटभर मातीचा थर आणि त्यातले कंद एका टायरच्या ओळीने उखडतात. बामणोलीकडे उतरणारा रस्ता आहे, ठोसेघर-चाळकेवाडीची बाजू आहे; गाठींचे टायर घासायला जागा भरपूर आहे.

फ्रीव्हील बदलायला जाल तेव्हा नुसती सायकल दाखवून पार्ट मागू नका, मागचं चाक काढून सोबत न्या. दीड वर्षं पायाच्या जोराने ते आवळत आलेलं असतं, हाताच्या पान्याने हलणारही नाही. आत खाचा असतात त्यात बसणारा नेमका पुलर आणि तो धरायला व्हाइस असलेला मेकॅनिक शोधा. छिन्नी-हातोडीने काढतो म्हणाला तर चाक उचलून परत या.