बारावीनंतर परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय? आधी बोलावलंय कुणी ते बघ

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारा खारघरचा, बारावी कॉमर्सचा. सुट्टीत परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय. कुठे जावं, खर्च किती, पुढे ॲडमिशनला उपयोग होतो का? एका एजंटने लाखाच्या आसपास पैसे सांगून लहान मुलांच्या आश्रमात चार आठवड्यांचं पॅकेज सुचवलंय.

तुला तू म्हणते, वयाने मोठी आहे. आश्रमाचं पॅकेज घेऊ नकोस. त्या एजंटला आजच नाही म्हणून कळव, बाकीचं नंतर ठरव. हे इतक्या ठामपणे का सांगते ते कळण्यासाठी माझी गोष्ट ऐकावी लागेल, आणि ती थोडी लांबेल.

मी ठाण्याची, नौपाड्यातली. २०१६ ची बारावी, आर्ट्स. आमच्या सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन होते ते नेपाळमधल्या गोरखा जिल्ह्यातले. मी शाळेत होते तेव्हापासून ते आणि त्यांची बायको जिन्याखालच्या खोलीत राहायचे. मी त्यांना दाजू म्हणते आणि त्यांच्या बायकोला भाउजू. आई आजारी पडली होती तेव्हा आमच्या घरचा स्वयंपाक भाउजूंनी केला होता, तेव्हापासून दोन्ही घरांत जाणं-येणं.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र त्यांच्याच जिल्ह्यात, बारपाक गावाजवळ. दाजू दुपारभर गेटपाशी उभे राहून फोन लावत होते आणि लागत नव्हता. त्या दिवशी शनिवार होता, नेपाळमध्ये सुट्टीचा वार, म्हणून शाळा पडल्या तरी वर्गात मुलं नव्हती. दाजूंची आई शेतात होती म्हणून वाचली. घर मात्र पूर्ण बसलं. सोसायटीने वर्गणी काढली, दाजू गावी जाऊन पत्र्याची शेड उभी करून परत ड्युटीवर आले.

पुढच्या वर्षी एप्रिलअखेर ते मोठी रजा घेऊन घर बांधायला निघाले. पावसाच्या आत जोत्याचं काम उरकायचं होतं आणि गावात माणसंच नव्हती. तरणे पुरुष कतार, सौदी, मलेशियाला. माझी परीक्षा मार्चमध्ये संपलेली, सीईटी वगैरे काही नव्हतं. मी विचारलं, येऊ का? दाजू दोन दिवस काहीच बोलले नाहीत. मग भाउजूच वर आल्या आणि आईला म्हणाल्या, पाठवा, आमाला (म्हणजे दाजूंच्या आईला) सोबत होईल, हात पण कमी पडतात.

नेमके तेव्हा माझे काका घरी आले होते. ते म्हणाले, "वॉचमनच्या गावाला जाऊन दगड उचलणार? आणि सेवाच करायची तर इथे काय कमी आहे?" बाबा गप्प बसले. आई म्हणाली, "ओळखीच्या घरी चाललीय, जाऊ दे." तेवढ्यावर मी निघाले.

खर्च विचारलायस म्हणून सांगते. गोरखपूरपर्यंत स्लीपर, तिथून बसने सुनौली, सीमा पायी ओलांडली. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. पुढे नारायणगढ, मुग्लिंग करत गोरखा बाजार, मग जीप, मग चढ. जाण्या-येण्याचा सगळा खर्च काही हजारांत झाला, लाखात नाही. तिथे भारताच्या १०० रुपयांचे १६० होतात. जेवण त्यांच्या घरी, दोन वेळा डाळ-भात आणि साग, त्याबद्दल मी आमाच्या हातात पैसे ठेवले आणि त्यांनी ते खूप आढेवेढे घेऊन ठेवून घेतले.

काम होतं ढिगाऱ्यातून दगड निवडण्याचं. सपाट तोंडाचे दगड भिंतीसाठी एका बाजूला, गोल दगड भरावासाठी दुसऱ्या बाजूला, धड राहिलेली तुळई तिसरीकडे. डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली, ती कपाळावरच्या पट्ट्याने पेलायची. आमाने माझी मान बघितली आणि डोको काढून घेऊन मला माती चाळायला बसवलं. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. मिस्त्रींकडून समजलं की जुनं घर का पडलं: जाड दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवलेला नाही. हलल्यावर दोन्ही थर सुटून कोसळतात. १९९३ ला किल्लारीला हेच झालं होतं. नवीन घराला दोन्ही थर शिवणारे लांब दगड आणि ठराविक उंचीवर लाकडाचे किंवा काँक्रीटचे आडवे पट्टे हवेत, ते नसतील तर सरकारी अनुदानाचा पुढचा हप्ता मिळणार नाही, असा नियम होता.

हे अनुदान हप्त्याहप्त्याने मिळायचं आणि त्याची कागदपत्रं हीच गावातली मोठी अडचण होती. घरातले शिकलेले लोक परदेशात, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांना वाचता येत नाही. एकदा आमाने गाविसचा, म्हणजे त्यांच्या ग्रामपंचायतीचा, कागद हातात धरला होता. नेपाळी देवनागरीत लिहितात, मी सहज मोठ्याने वाचला. मला त्यातलं निम्मं कळलं, आमाला सगळं कळलं. दुसऱ्या दिवसापासून अंगणात बायका यायला लागल्या. कुणाची नागरिकता म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, कुणाचा लालपुर्जा म्हणजे जमिनीचा कागद, कुणाचं अनुदानाचं करारपत्र. सकाळी माती चाळायची आणि दुपारी कागद वाचायचे, असं ठरूनच गेलं. मी वाचायची आणि त्या एकमेकींना अर्थ सांगायच्या. ठाण्यातून निघताना असं काही काम असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. ते त्यांनी शोधून काढलं, मी नाही.

तिथे कौतुकच झालं असंही नाही. एक निवृत्त सैनिक होते, भारतीय लष्करात नोकरी केलेले, पेन्शनही भारताचं. त्यांनी मला बसवून विचारलं की भूकंपाला सहा महिने होत नाहीत तोवर तुमच्या देशाने आमचा गॅस आणि पेट्रोल का अडवलं. २०१५ च्या सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सीमेवरून माल जवळजवळ बंद होता. भारत सरकारचं म्हणणं, नाकाबंदी आम्ही केलेली नाही, नेपाळच्या तराई भागातल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळे ट्रक अडलेत. ते गावात कुणाला पटलेलं नव्हतं. थंडीत लोक पत्र्याखाली होते आणि सिलिंडर नव्हता. मी ऐकून घेतलं. परदेशात गेल्यावर तू खारघरचा कुणीतरी नसतोस, भारतीय असतोस, याची तयारी ठेव.

आता मूळ मुद्द्यावर येते. कागद वाचून घ्यायला एक बाई आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली झेरॉक्स. त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा भूकंपाच्या थोडं आधी एका ओळखीच्या माणसाबरोबर शहरात शिकायला गेला होता. राहणं-खाणं-शाळा फुकट, असं त्या माणसाने सांगितलेलं, वर तयारीचा खर्च म्हणून यांच्याकडूनच पैसे घेतलेले. हा शाळेचा दाखला आहे, त्यावर पत्ता असेल, तेवढा वाच, असं त्यांनी सांगितलं. तो शाळेचा दाखला नव्हता. गाविसच्या नावाने काढलेलं शिफारसपत्र होतं आणि त्यात लिहिलं होतं की या मुलाचे आई-वडील हयात नाहीत, मुलगा अनाथ आहे. मी ते वाक्य वाचलं आणि थांबले, पण त्यांना ते कळून गेलं होतं. वडील मलेशियात कारखान्यात कामाला, आई माझ्यासमोर बसलेली.

दाजू आणि गावातले एक मास्तर त्यांच्याबरोबर गाविसला गेले, तिथून जिल्ह्याला गेले. मी असेपर्यंत मुलगा परत आला नव्हता. दसैंला म्हणजे त्यांच्या दसऱ्याला आला, दाजूंनी फोनवर सांगितलं. तो राहत होता त्या जागी परदेशी पाहुणे यायचे, मुलांबरोबर खेळायचे आणि जाताना देणगी द्यायचे.

ही एका गावाची गोष्ट नाही. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, हे युनिसेफ वर्षानुवर्षं सांगतं आहे. भूकंपानंतर नेपाळ सरकारला आई-वडिलांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालावी लागली आणि नवीन बालगृहांची नोंदणी थांबवावी लागली. कंबोडियात २०११ साली युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीतही अशा संस्थांतल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांचं आई-वडिलांपैकी कुणीतरी जिवंत निघालं, आणि पर्यटक वाढले तशा संस्थाही वाढत गेल्या. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या कायद्याच्या वेळी अशा कारणासाठी मुलं नेणं हा आधुनिक गुलामीचाच प्रकार मानला. पैसे देणारा पाहुणा हवा, त्याला दाखवायला मूल हवं, म्हणून मूल आणलं जातं. तुझ्या एजंटचं पॅकेज या साखळीतलं आहे की नाही हे तुला इथे बसून तपासता येणार नाही. म्हणून नकोच.

आणि संस्था अगदी चांगली असली तरी चार आठवड्यांत तू त्या मुलांना काय देणार? मुलं लळा लावतात, तू निघून जातोस, सोमवारी दुसरा येतो. ठाण्यातल्या कुठल्या शाळेत दर महिन्याला नवा, बारावी झालेला, भाषा न येणारा शिक्षक चालेल? मग तिथे का चालावा?

काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, दोन वर्षांनी असाच पैसे भरून कंबोडियाला गेला. मुलाचा हेतू वाईट नव्हता, तो मनापासून गेला होता. दर सोमवारी नवीन बॅच यायची आणि मुलं तेच स्वागतगीत म्हणायची, हे त्यानेच मला सांगितलं. पण त्याचा मुलांबरोबरचा फोटो काकांकडे हॉलमध्ये लावलेला आहे आणि गणपतीला येणाऱ्या प्रत्येकाला तो समाजकार्य म्हणून दाखवला जातो. माझ्याबद्दल विचारलं की "ती वॉचमनच्या गावाला गेली होती." हे मला आजही लागतं. माझं कौतुक झालं नाही म्हणून नाही. दाजूंचं घर हे घर नाही आणि त्यांनी बोलावलं ते बोलावणं नाही, असा त्याचा अर्थ होतो म्हणून.

आता ॲडमिशनबद्दल. इथल्या डिग्रीला काही उपयोग नाही, मार्क किंवा सीईटी बघतात. परदेशी विद्यापीठांच्या निबंधात लिहिता येतं, पण चार आठवड्यांच्या आश्रमाचे निबंध त्यांनी भरपूर वाचलेले असतात. सर्टिफिकेटसाठी जायचं असेल तर घरीच बस. आणि वेळ बघ. बारावीचा निकाल मे मध्ये लागतो आणि मुंबई विद्यापीठाची मेरिट लिस्ट त्यानंतर लगेच येते. मागे फॉर्म भरायला घरात कुणीतरी जबाबदार हवं.

कुठे जावं? १८ पूर्ण नसतील तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. आयसेक ही तरुणांना परदेशी स्वयंसेवेला पाठवणारी संघटना, तिला वय १८ ते ३० लागतं. वूफ (WWOOF) या योजनेत शेतावर काम करून राहणं-जेवण मिळतं, ते १९७१ पासून चालू आहे, आणि मला पटतं कारण तिथे शेतकऱ्याला हात हवे असतात. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवी संस्थेची श्रमशिबिरं असतात. त्यांचे संस्थापक पिएर सेरेसोल हे स्वित्झर्लंडचे गृहस्थ १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये गावं उभारायला आले होते. संयुक्त राष्ट्रांचं ऑनलाइन स्वयंसेवेचं काम घरबसल्या फुकट करता येतं. व्हिसा प्रत्येक देशाचा नीट वाच. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत संस्थेत ३० दिवसांपर्यंत चालतं, पण टुरिस्ट व्हिसावर असं काम करणं कित्येक देशांत बेकायदा आहे. नेपाळला विमानाने जाणार असशील तर आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. कुठेही जा, आधी तिथल्या माणसाशी बोल, एजंटशी नाही, आणि विचार: मी आलो नाही तर तुमचं काय अडेल? उत्तर "काही नाही" असेल तर जाऊ नकोस.

"इथे काय कमी आहे" हे तुलाही कुणीतरी ऐकवेलच. काही कमी नाही, खरं आहे. खारघरहून पनवेलपुढे तारा गावात युसूफ मेहेरअली सेंटर आहे, नेरे गावात शांतिवन आहे, दोन्ही समाजसेवी संस्था; ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नलवरच्या मुलांसाठी सिग्नल शाळा भरते. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला आमटे परिवाराचं श्रमसंस्कार शिबिर मे महिन्यात असतं. जरूर जा. पण जो माणूस हे वाक्य बोलेल त्याला विचार, यातल्या कुठे तुम्ही गेला आहात? माझे काका यातल्या एकाही ठिकाणी आजवर गेलेले नाहीत आणि दाजूंच्या खोलीत त्यांनी कधी चहाही घेतला नाही.

दोन गोष्टी राहिल्या. पैसे घेणारी प्रत्येक संस्था वाईट असं मी म्हणत नाही, राहण्या-जेवणाचे पैसे घेणं रास्तच आहे, फक्त हिशेब मागून घे. आणि मी गेले ते अनेक वर्षांच्या ओळखीच्या घरी. तशी ओळख नसेल तर कुणाच्या गावाला एकट्याने निघू नकोस, हे वाचणारी कुणी मुलगी असेल तर तिने अजिबातच नाही. विमा काढ, घरच्यांना तिथला चालू फोन नंबर देऊन ठेव, आणि दगड-मातीचं काम करणार असशील तर निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घे.